ताईपाल्याचा प्राचीन इतिहास

माझे मामा इतिहास लिहायचे. पुस्तकात नव्हे, बरणीच्या पाठीवर. सुवासिक पाला सुकवून, चुरून, काचेच्या लहान बरण्यांत भरून विकणारी एक कंपनी आहे, तिथं ते आयुष्यभर नोकरीला. बरणीच्या पुढच्या अंगाला पाल्याचं नाव आणि चित्र असतं, मागच्या अंगाला बोटभर जागा उरते. त्या बोटभर जागेत 'या पाल्याचा इतिहास' असा मथळा टाकून खाली चार ओळी लिहायच्या, एवढंच त्यांचं काम. एवढ्याशा कामाला अख्खा माणूस कशाला लागतो, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. मामा कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

कंपनीत त्यांना सगळे 'प्राचीन' म्हणायचे. तोंडावर 'प्राचीनसाहेब', पाठ फिरली की नुसतंच 'प्राचीन'. कारण उघड होतं. पुदिना असो, रोझमेरी असो, नाहीतर कुठूनसा पोत्यात भरून आलेला एखादा अनोळखी पाला असो, त्याला 'प्राचीन काळी' नेऊन बसवल्याशिवाय मामांचं पेन पुढे सरकायचं नाही. मग एखादा राजा यायचा किंवा राणी. मग कोणीतरी अंथरुणाला खिळायचं. मग हा पाला. आणि शेवटच्या ओळीत, ज्यानं पाला शोधला तो माणूस हमखास मरायचा. या मरणावर मामांचा फार जोर.

"मेल्याशिवाय इतिहास होत नाही," ते मला समजावायचे. "जिवंत माणसाचा नुसता पत्ता असतो."

रोझमेरीचं उदाहरण घ्या. जुन्या एका भाषेत या नावाचा अर्थ 'समुद्राचं दंव' असा होतो, एवढं मामांनी शब्दकोशात खरोखर वाचलं होतं. पुढची राजकन्या मात्र सर्वस्वी त्यांची. ती किनाऱ्यावर नवऱ्याच्या जहाजाची वाट बघत बसते, तिची आसवं खडकावर पडतात, तिथं रोझमेरी उगवते आणि राजकन्या वेळ न दवडता मरते. ही राजकन्या इतकी चालली की टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमात एका बाईंनी ती डोळे पुसत सांगितली. मामांनी तो कार्यक्रम बघितला आणि आमच्या घरी येऊन गंभीरपणे म्हणाले, "आता या घटनेला दुसरीकडूनही दुजोरा मिळाला." बेसिलच्या नावात तर मुळातच 'राजा' निघाला, तेव्हा मामांना घबाड सापडल्यासारखं झालं. राजा आयता होता, फक्त मारायचं काम उरलं होतं.

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांच्या विजारी आखूड करणं, उसवलेलं शिवणं हे माझं काम. त्यामुळे असेल, मला झालरीची मुळातच चीड आहे. कापड कमी पडलं की लोक झालर लावतात, तसं मामा माहिती कमी पडली की राणी लावायचे. मी हे त्यांना सांगितलंही आहे. "तू धंदेवाईक झालीस," एवढंच ते म्हणाले.

यातली खरी गंमत पुढेच आहे. ज्या पाल्याचे इतिहास मामा लिहायचे तो पाला त्यांना सोसायचा नाही. सुका चुरा जरा नाकात गेला की शिंकांची माळ सुरू व्हायची, डोळे लाल, नाक त्याहून लाल. म्हणून त्यांचं टेबल वरच्या मजल्यावर, खिडक्या बंद करून. खाली पॅकिंग हॉल होता, जिथं बायका पाला निवडायच्या, तोलायच्या, बरण्यांत भरायच्या आणि वर मामांचं लेबल चिकटवायच्या. त्या हॉलमध्ये मामांनी कधी पाऊल टाकलं नाही. त्याच हॉलमध्ये माझी आई काम करायची.

आई ही मामांची थोरली बहीण. मामांना ही नोकरी तिनंच लावून दिली. मामा हे कधी सांगत नाहीत म्हणून मी सांगते. त्यांचं शिक्षणही तिच्याच पगारावर झालं. तेही ते सांगत नाहीत, पण ते त्यांना खरंच आठवत नसावं, कारण ते प्राचीन काळात घडलेलं नाही. भाऊ वर बसून राण्या मारायचा आणि बहीण खाली बसून त्या राण्या बरण्यांना चिकटवायची, असं त्या घराण्याचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

हॉलमधल्या बायकांचं दुपारचं जेवण एकत्र असायचं. कोपऱ्यात विजेची शेगडी, तिच्यावर एक मोठं पातेलं, आणि जिनं जे आणलं असेल ते त्यात. कधी बटाटे, कधी कोबी, कधी नुसतेच कांदे. एका दुपारी नुसते बटाटे होते आणि चवीला मीठ सोडून काही नव्हतं. सभोवार पोत्यांनी भरलेला सुगंधी पाला, पण त्याला हात लावायची सोय नाही, तो मालकांचा. आई मागच्या दारानं बाहेर गेली. पाला वाळवायच्या शेडमागे, हात धुवायच्या नळाशी, भिंतीच्या फटीत एक रोप कसंबसं उगवलं होतं. तिनं त्याचं पान चुरडून हुंगलं, मूठभर तोडलं, धुतलं आणि पातेल्यात टाकलं. लिंबाची साल चुरडावी तसा वास आणि मागून मिऱ्याचा हलका ठसका. बायकांनी पातेलं पुसून खाल्लं.

त्यानंतर तो पाला रोजचाच झाला. हॉलमध्ये आईला सगळ्या 'ताई' म्हणायच्या, त्यामुळे पाल्याचं नाव 'ताईपाला' पडलं. कुणी ठरवलं नाही, कुणी ठराव केला नाही. "अगं, जरा ताईपाला टाक" असं कुणीतरी म्हणालं आणि झालं. बायकांनी फांद्या तोडून घरी नेल्या, कुंडीत लावल्या, शेजारणीला दिल्या. शेजारणींनी आपल्या बहिणींना. असं करत करत तो पाला भाजीवाल्यांकडे जुड्या बांधून आला, आणि तोही याच नावानं. तोवर आई निवृत्त होऊन घरी बसली होती. आपल्या नावाची जुडी तिनं पहिल्यांदा बाजारात बघितली त्या दिवशी ती काही न घेताच घरी आली आणि बराच वेळ नुसती हसत होती.

मालकांना हे सगळ्यात शेवटी कळलं. त्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईनं "बाजारातून ताईपाला आणते" म्हटलं तेव्हा. देशोदेशीचा पाला मागवणाऱ्या कंपनीच्या मालकाला स्वतःच्या शेडमागची भिंत बाजारात भेटली, तीही ओळख न पटता. मालक तडफदार माणूस. त्यांनी लगेच हुकूम सोडला की ताईपाल्याची बरणी काढा, आणि मामांना निरोप गेला की इतिहास लिहा.

त्या रविवारी मामा नेहमीप्रमाणे आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा आईनं विषय काढला. माझी आई कुणाकडे काही मागणारी बाई नाही. मला दुकान टाकायचं होतं तेव्हाही तिनं सगळं स्वतःच्या हिमतीवर जमवलं, भावापुढे शब्द टाकला नाही. पण त्या दिवशी तिनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "अरे, मी आयुष्यभर तुझ्या राण्या चिकटवल्या. एकदा तरी त्या बरणीवर कामाला जाणारी बाई येऊ दे. नाव माझं आहेच, गोष्टही माझीच लिही. जशी झाली तशी. आणि मी असताना लिही, म्हणजे मला वाचता येईल."

मामांना भरून आलं. त्यांनी आईचे हात हातात घेतले. "ताई, हे काय सांगणं झालं? या खेपेला सगळं खरं लिहिणार. शब्द आहे माझा."

जेवणानंतर ते कागद घेऊन बसले. आई सांगायला लागली. "बटाटे होते त्या दिवशी. आणि माझा ॲप्रन ओला झाला होता, तो पिळायला म्हणून मी..."

"ओला ॲप्रन कशाला?" मामा म्हणाले. "मुद्द्याचं सांग."

"मुद्द्याचंच सांगते. ॲप्रन ओला झाला नसता तर मी नळाकडे गेलेच नसते."

"बरं, बरं. तू पाला तोडलास, पातेल्यात घातलास, सगळ्यांना आवडला. पुरे. बाकीचं मी बघतो." आणि पेनाला टोपण लावून मामा गेले. आईला आणखी बरंच सांगायचं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी मामांना दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हटलंही, "मामा, तुम्ही ऐकून तर घ्या." तर म्हणाले, "ऐकलं ना. साहित्य मिळालं. आता नुसतं लिहायचं बाकी."

लेबल छापून झालं आणि मामा स्वतः एक नमुना घेऊन आले. आईची नजर हल्ली बारीक अक्षराला पुरत नाही, म्हणून मी भिंग आणून दिलं. तिनं लेबल खिडकीशी धरलं आणि एकेक शब्द लावून मोठ्यानं वाचू लागली. "प्राचीन काळी, डोंगरातल्या एका गावी, ताई नावाची वैद्यबाई राहत असे. राजा तापानं फणफणला असता तिनं कड्यावरून हा पाला आणून त्यास वाचवलं. परतताना तिचा पाय घसरला. जिथं ताईनं चिरनिद्रा घेतली, तिथं हा पाला आजही उगवतो."

मग आईनं भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे मी मेले?"

"एका अर्थानं," मामा म्हणाले.

"कुठल्या अर्थानं?"

"ऐतिहासिक."

"अरे, पण मी इथं बसलेय!"

"ताई, तू नीट बघ. नाव तुझं आहे. पाला तू तोडलास, ते आहे. पातेल्याचा मी राजा केला, एवढाच काय तो फरक. गाभा सगळा खरा आहे, भाषा जरा सजवली."

आणि हे ते थट्टेनं म्हणत नव्हते, हीच खरी अडचण होती. मामांना मनापासून वाटत होतं की आपण शब्द पाळला. खरं लिहायला म्हणूनच ते बसले होते. पण पेन कागदाला टेकलं, हात सवयीनं प्राचीन काळी गेला, आणि एकदा तिकडे गेल्यावर बहिणीला जिवंत परत आणण्याची वाट त्या हाताला ठाऊकच नव्हती. माझं डोकं मात्र फिरलं. मी म्हटलं, "मामा, आईनं आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याकडे काही मागितलं आणि तुम्ही तिला कड्यावरून ढकललंत!"

"मालकांना दुसरं चाललं नसतं," मामा म्हणाले. "पातेलं, बटाटे, ॲप्रन... असलं बरणीवर शोभतं का?"

"विचारलंस का त्यांना?" आईनं विचारलं.

"विचारायचं काय त्यात? त्यांच्या मनातलं मला न सांगता कळतं. इतकी वर्षं काय झोपा काढल्या?"

आई उठली आणि सकाळीच घासून ठेवलेलं पातेलं पुन्हा घासायला लागली. मामांनी चहासाठी थोडा वेळ वाट बघितली, मग तेही उठले. दारात चपला घालताना त्यांनी कार्यक्रमाचं आमंत्रण माझ्या हातात ठेवलं. नव्या बरणीचा समारंभ होता, पॅकिंग हॉलमध्ये. पाकिटावर लिहिलं होतं, 'इतिहासलेखकाच्या भगिनी व भाची'.

मी जाणार नव्हते. आई म्हणाली, "जाऊ या. माझ्याच मरणाला मी नाही गेले तर बरं दिसेल का?"

हॉलमधली यंत्रं कापडांनी झाकली होती, टेबलं भिंतीला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. पण इतक्या वर्षांचा पाला भिंतींत मुरलेला. तो काही कापडानं झाकला जात नाही. समोर लहानसं व्यासपीठ, त्यावर पडद्याआड एक मोठं चित्र, बाजूला मालक, आणि मालकांच्या मागे नाकाला रुमाल लावून मामा. नाइलाजानं का होईना, पहिल्यांदाच हॉलमध्ये आले होते आणि ठरावीक अंतरानं शिंकत होते. आम्हाला मधल्या रांगेत जागा होती. आमच्या आजूबाजूला हॉलमधल्याच बायका, धुतलेल्या ॲप्रनमध्ये. सगळ्या जणी आईच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

मालकांनी हातातला कागद वाचायला सुरुवात केली. कागद अर्थातच मामांचा. प्राचीन काळ आला, डोंगर आला, राजा तापानं फणफणला. मालक आवाज जड करून म्हणाले, "ताई आज आपल्यात नाही..."

हॉलमधल्या झाडून सगळ्या बायकांच्या माना आईकडे वळल्या. आईनं पदर सावरला. आमच्या मागे एक बाई होती, पूर्वी आईच्या शेजारी वजनकाट्यावर बसायची म्हणून तिला सगळ्या 'काटेवाली' म्हणतात. ती मोठ्यानं म्हणाली, "आहे की!"

मालकांचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर! ताई आहे. आपल्या प्रत्येकीच्या मनात आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. काटेवाली उभी राहिली आणि आईच्या डोक्यावर बोट धरून म्हणाली, "मनात नाही हो, इथं खुर्चीत आहे!" यावर आणखी टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्यांनी तर मान डोलावून "फार सुंदर" असंही म्हटलं.

मग चित्रावरचा पडदा सारायला इतिहासलेखकाच्या भगिनींना वर बोलावलं. आई गेली. तिनं दोरी ओढली. चित्रात कड्यावर उभी असलेली एक तरुण बाई होती, केस मोकळे, पाय अनवाणी, काखेत पाल्यानं भरलेली टोपली. कुणासारखं दाखवायचं हे चित्रकाराला कुणी सांगितलं नसावं. चेहरा हुबेहूब मालकांच्या सुनेचा होता. आईनं चित्र खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मालकांना विचारलं, "ही कोण?"

"ही ताई," मालक म्हणाले.

"ताई मी."

मालक खाली वाकले. "काय म्हणालात?"

आईनं सांगितलं. मायक्रोफोन बाजूलाच होता, त्यामुळे सगळ्या हॉलला ऐकू गेलं. शेड, नळ, भिंतीची फट, पातेलं, बटाटे. फार वेळ लागला नाही. मी मामांकडे बघत होते. ते शिंकायचे थांबले होते आणि मालकांच्या तोंडाकडे टक लावून होते, आता काय होतं आणि काय नाही अशा नजरेनं.

मालक म्हणाले, "अहो, मग तसंच लिहायचं की! जिवंत बाई हाताशी असताना मेलेली कशाला शोधायची? तुमचाच फोटो छापला असता. चित्रकाराची कटकट वाचली असती." मग मामांकडे वळून म्हणाले, "काय हो प्राचीन, सांगायचं नाही का आधी?"

"सर, आपल्या कंपनीची पद्धत... राजा, आजार, निधन..."

"कसली पद्धत? मी बरणीची मागची बाजू आजवर कधी वाचलेली नाही. अक्षर केवढंसं असतं ते! तिथं काहीतरी छापलेलं असावं, रिकामं दिसू नये, एवढंच माझं म्हणणं."

मालक हसले, पाहुणे हसले. मालक वाईट मनानं बोलले नव्हते, त्यामुळे ते जास्तच लागलं. मामांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि बाजूच्या दारानं निघून गेले. खरं सांगते, त्यांची अशी फजिती व्हावी असं मला किती वर्षं वाटत होतं. झाली, तेव्हा मला अजिबात बरं वाटलं नाही. मला रडू आलं. आई व्यासपीठावरून उतरताना त्या दाराकडेच बघत होती.

पुढचे कितीतरी रविवार मामा जेवायला आले नाहीत. आई त्यांचं ताट घ्यायची आणि पुन्हा फळीवर ठेवायची. मी एकदा म्हटलं, "आई, चूक त्यांची आहे, त्यांनी यावं." ती म्हणाली, "चूक त्याची आहे म्हणूनच तो येत नाहीये. माझी असती तर केव्हाच आला असता."

इकडे छापलेली लेबलं फेकायची कशी, म्हणून पहिला माल त्याच लेबलांनिशी बाहेर पडायचा होता. माल नवा आणि थोडा असला की पॅकिंगच्या तारखेचा शिक्का यंत्रावर न मारता हॉलमधल्या बायका हातानं मारतात. शिक्का बरणीच्या मागच्या लेबलावर कुठंही मारला तरी चालतो, फक्त तारीख वाचता आली पाहिजे. काटेवालीनं काय सांगितलं आणि कुणाला, हे मला ठाऊक नाही. पण त्या मालातल्या एकूण एक बरणीवर शिक्का शेवटच्या दोन ओळींवर बसला. ताईचा पाय घसरला ते गेलं, चिरनिद्रा गेली. राजाला ताईनं वाचवलं, एवढ्यावर मजकूर थांबायचा आणि त्याच्या खाली जांभळ्या शाईत या महिन्याची ताजी तारीख.

मामांनी ती बरणी किराणा दुकानात बघितली. स्वतःचं लिखाण दुकानात जाऊन वाचायची त्यांची जुनी सवय. त्यांनी दुसरी बरणी उचलली, तिसरी उचलली, शेल्फवरच्या सगळ्या उलट्या करून बघितल्या. दुकानदाराला वाटलं माणूस काहीतरी खराब माल शोधतोय. दुसऱ्या दिवशी ते जिना उतरून तडक पॅकिंग हॉलमध्ये शिरले, जाब विचारायला. पुढचं मला काटेवालीनं सांगितलं. मामा दारातून "हा शिक्का कुणी..." एवढं बोलले आणि शिंकायला लागले. शिंका काही थांबेनात. बायकांनी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. कुणी हसलं नाही. शिंका ओसरल्यावर मामांनी लाल डोळ्यांनी सगळा हॉल बघितला आणि शिक्क्याचं काही न विचारता म्हणाले, "ताई कुठं बसायची?"

बायकांनी टेबल दाखवलं. मामा तिथं जाऊन उभे राहिले. मग मागच्या दारानं शेडमागे गेले, नळ बघितला, भिंतीची फट बघितली. रोप अजून तिथंच होतं.

त्या रविवारी ते आले. आईनं "आलास?" असंही म्हटलं नाही, ताट वाढलं. बटाटे होते आणि त्यात ताईपाला होता, ताजा, त्यामुळे शिंकेचं भय नव्हतं. मामा मुकाट्यानं जेवले, पुन्हा वाढून घेतलं, पुन्हा जेवले. मग हात धुऊन कागद काढला. "दुसऱ्या छपाईला नवा मजकूर द्यायचाय," ते म्हणाले. "ताई, तो ॲप्रन ओला कशानं झाला होता?"

आई सांगायला लागली आणि या खेपेला मामांनी मध्ये तोंड घातलं नाही. ॲप्रन, बरण्या धुवायचं टाकं, कोण रजेवर होतं, कुणाचं मूल आजारी होतं, बटाटे कुणी आणले होते, पहिला घास खाऊन कोण काय म्हणालं. मी शिवण हातात घेऊन बसले होते, माझा एक टाका पडला नाही. शेवटी मामांनी विचारलं, "आणि नाव? हॉलमध्ये तुला ताई म्हणायला सुरुवात कुणी केली?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "तुला नाही आठवत?"

"मला कसं आठवेल? मी खाली कुठं असायचो?"

"अरे, हॉलमध्ये तेव्हा कुणाला नाव नव्हतं. टेबलाचा नंबर तेच नाव. मी चार नंबर. तू नोकरीला लागलास त्याच्या पहिल्या दुपारी वरून खाली आलास, दाराशी उभा राहिलास आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडलास, 'ताई, माझा डबा!' सगळ्या जणी हसल्या. त्या दिवसापासून मी सगळ्यांची ताई झाले. तू हाक मारली नसतीस तर तो चार नंबरचा पाला झाला असता."

हे मलाही ठाऊक नव्हतं. मामांनी पेन खाली ठेवलं आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. आईनं त्यांना रडू दिलं, मग पाण्याचा पेला पुढे सरकवून म्हणाली, "पुरे आता. लिही. आणि या खेपेला मला मारू नकोस."

दुसऱ्या छपाईची बरणी माझ्या शिवणयंत्राशेजारी असते. येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी ती मागून वाचायला लावते, भिंगासकट. "पॅकिंग हॉलमध्ये काम करणाऱ्या एका बाईचा ॲप्रन भिजला. तो पिळायला ती नळाशी गेली असता तिला हा पाला दिसला, तो तिनं मैत्रिणींच्या बटाट्यांत घातला. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणून हाक मारायचा, त्यावरून पाल्याला नाव पडलं. दोघंही हयात आहेत."